बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (पुणे विद्यापीठ): तीन वर्षांत नक्की काय शिकवतात?

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी. आम्ही संगमनेरचे. मुलगी यंदा बारावी सायन्स झाली. गणित आहे, बायफोकलला (व्यावसायिक विषयाला) कॉम्प्युटर सायन्स होतं आणि त्यातच तिचा जीव रमतो. सीईटीचे पर्सेंटाइल मात्र असे आलेत की कॉम्प्युटर शाखेला चांगल्या सरकारी कॉलेजात नंबर लागणं अवघड दिसतंय. मॅनेजमेंट कोटा आम्हाला परवडणारा नाही. ती म्हणते, बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सच करायचं. घरात दोन तट पडलेत. मोठे दीर म्हणतात, इंजिनिअरिंगशिवाय आयटीत कुणी उभं करत नाही. तिच्या बाबांचं म्हणणं, पोरीला ज्यात गोडी आहे ते करू दे.

कॉलेजांची माहितीपत्रकं गोळा केली, पण त्यात इमारतींचे फोटोच जास्त. ज्यांनी हा कोर्स केलाय किंवा जे शिकवतात त्यांनी सांगावं: या तीन वर्षांत शिकवतात काय? बी.सी.ए. आणि यात फरक काय? संगमनेरलाच ठेवावं की पुण्याला पाठवावं? आणि पुढे काय?

खडकीकर

ताई, मी याच विद्यापीठातून बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आणि मग एम.एस्सी. केलं. तेव्हा नुसतं पुणे विद्यापीठ होतं, सावित्रीबाई फुल्यांचं नाव २०१४ ला लागलं. नोकरीतही आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

आधी एक गोष्ट. विद्यापीठाच्या आवारात जो संगणकशास्त्र विभाग आहे तिथे पदव्युत्तर अभ्यासक्रम चालतात आणि प्रवेश परीक्षेतून घेतात. पदवीचं शिक्षण संलग्न कॉलेजांत. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तिन्ही जिल्ह्यांतल्या संलग्न कॉलेजांना अभ्यासक्रम एकच आणि विद्यापीठाची प्रश्नपत्रिकाही एकच. म्हणजे संगमनेरच्या मुलीला आणि पुण्यातल्या मुलीला पेपर तोच येणार. पुण्यातली बरीच मोठी कॉलेजं आता स्वायत्त आहेत, ती मात्र आपला अभ्यासक्रम आणि परीक्षा स्वतः ठरवतात.

२०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षाला चार विषय होते: कॉम्प्युटर सायन्स, गणित, इलेक्ट्रॉनिक्स आणि संख्याशास्त्र. कॉम्प्युटरमध्ये सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि डेटाबेस. दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चर्स, सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग, नेटवर्क, सोबत गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स सुरूच. तिसरं वर्ष सगळं कॉम्प्युटरचं: ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्कचा पुढचा भाग, जावा, वेब, डेटा सायन्सची ओळख, थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्स आणि शेवटच्या सत्रात कंपायलर. यादी वाचून कळेल की हा कोर्स इंजिनिअरिंगच्या कॉम्प्युटर शाखेच्या गाभ्यापासून फार लांब नाही. तिथे यंत्रशास्त्र, ड्रॉइंग वगैरे पहिल्या वर्षी असतं, ते इथे नाही. त्याऐवजी सी पहिल्या दिवसापासून.

सेगफॉल्ट

मी आत्ताच टी.वाय. (तिसरं वर्ष) दिलं. काकू, खडकीकर काकांनी सांगितलं ते बरोबर आहे. सवडीने मोठं लिहिते. तोवर एवढंच, तिला पाठवा.

हिंजवडी_फेज३

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नका. मी इंजिनिअरिंग केलेला आहे आणि आमच्या टीमसाठी मुलाखती घेतो. अनेक कंपन्यांची पहिली चाळणी पदवीवरच लागते. फॉर्मवर बी.ई. किंवा बी.टेक. नसेल तर कित्येकदा उमेदवाराचा कागद माझ्यापर्यंत पोहोचतच नाही. समोर आलेल्या बी.एस्सी.च्या मुलांमध्ये काही फार चांगली होती, पण ती समोर येण्याआधीच बरीचशी गळालेली असतात. सुरुवातीच्या पगारातही फरक पडतो. पालकांना हे आधी सांगायला हवं.

दुसरं, फीबद्दल. जुलै २०२४ च्या शासन निर्णयाप्रमाणे, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र शासनाच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश) फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. तुम्ही त्यात बसत असाल तर सरकारी कॉलेज सोडून जिल्ह्यातल्या खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजांचा कॅपमधून विचार करा. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित तत्त्वावर चालतं, त्याची फी साध्या बी.एस्सी.पेक्षा बरीच जास्त असते. कदाचित इंजिनिअरिंगच स्वस्त पडेल.

प्रवराकाठ

फीचं हे माहीत नव्हतं, मनापासून आभार. आम्ही ओबीसीत येतो. कॅपचा फॉर्म भरून ठेवतोच. पण जिल्ह्यातल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शेजारचा मुलगा आहे, तो सांगतो की लॅबमधली निम्मी मशिन बंद, शिक्षक दर सत्राला नवे. फुकट मिळतंय म्हणून तिथे चार वर्षं घालवायची का, हा प्रश्न उरतोच.

लॅबमास्तर

मी एका संलग्न कॉलेजात हा विषय शिकवतो. नाव लिहीत नाही. ताईंच्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं तर लॅबबद्दल बोलावं लागेल, कारण हा कोर्स लॅबमध्ये घडतो किंवा लॅबमध्येच वाया जातो.

प्रत्येक प्रात्यक्षिक विषयाचं एक छापील लॅब बुक असतं. त्यात प्रत्येक असाइनमेंटखाली सेट ए, सेट बी, सेट सी. ए सोपा, बी जरा विचार करायला लावणारा, सी डोकं खाणारा. रचना चांगली आहे. विद्यार्थी ए करतो, बी मित्राकडून उतरवतो, सी ला हात लावत नाही. वर्षअखेरीला प्रात्यक्षिक परीक्षा स्लिपवर (प्रश्नांच्या चिठ्ठीवर) होते आणि स्लिपमधले प्रश्न याच लॅब बुकातून येतात. या स्लिपांची उत्तरं तयार मिळतात. झेरॉक्सच्या दुकानात मिळतात, टेलिग्रामवर मिळतात. मुलं पाठ करून येतात आणि पासही होतात. तीन वर्षं अशी काढलेल्या मुलाला मुलाखतीत काही येत नाही आणि दोष मात्र पदवीला लागतो.

एक उदाहरण देतो. दुसऱ्या वर्षी लिंक्ड लिस्ट येते. फळ्यावर मी तीन चौकोन काढतो, प्रत्येकाचे दोन भाग: एकात माहिती, दुसऱ्यात पुढच्या चौकोनाचा पत्ता. आता मधे नवा चौकोन घालायचा. आधी नव्या चौकोनात पुढच्याचा पत्ता लिहायचा, मग मागच्या चौकोनात नव्याचा. हा क्रम उलटला की पुढची सगळी साखळी हातातून जाते, कारण तिचा पत्ता पुसला गेलेला असतो. वर्गात सगळे माना डोलावतात. परीक्षेत स्लिपवर येतं, यादीत नोड घालण्याचा प्रोग्रॅम लिहा. सगळे लिहितात. मग मी तोंडी विचारतो, याच यादीतला शेवटून दुसरा नोड काढून दाखव, दोन-तीन ओळींचाच बदल आहे. स्वतः लिहिलेला मुलगा कागद ओढतो, चौकोन काढतो, बाण पुसतो आणि पाच मिनिटांत करून दाखवतो. पाठ केलेला मुलगा स्क्रीनकडे बघत बसतो. मी दोघांनाही पास करतो, कारण नियमाने स्लिपवरचं बरोबर आहे. पण पुढे कोण टिकेल हे त्या टेबलावरच दिसतं.

म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका. प्रात्यक्षिकाच्या वेळेत जा. एका मशिनवर एकच मूल बसलंय का, शिक्षक बॅचमध्ये फिरतायत का, सेट बी कुणी करतंय का, बघा. लॅबमध्ये लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम असायला हवी, सी आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस त्यावरच शिकवतात. सुट्टीच्या तासाला लॅब उघडी मिळते का, हे मुलांना विचारा, शिक्षकांना नको. असं कॉलेज संगमनेरला असेल तर पुण्याच्या खोलीभाड्याचे पैसे वाचवा.

ठाणेकर_स्नेहा

लॅबमास्तर, तुमच्यासारखे परीक्षक आम्हाला मिळाले असते तर! मी मुंबई विद्यापीठाचं बी.एस्सी. आयटी केलंय. आमच्याकडे बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स आणि बी.एस्सी. आयटी असे दोन वेगळे कोर्स आहेत आणि आयटीवाल्यांची संख्या प्रचंड. गणित आमच्या वाट्याला बेताचंच आलं. पुढे मशिन लर्निंगकडे वळताना मॅट्रिक्स आणि प्रॉबॅबिलिटी स्वतः बसून शिकले, नोकरी सांभाळून. पुण्याच्या २०१९ च्या पॅटर्नला पहिल्या वर्षीच मॅट्रिक्स आणि संख्याशास्त्र होतं, ते मिळालं तर तुमच्या मुलीने कंटाळा न करता करावं.

कोल्हापुरी_चप्पल

शिवाजी विद्यापीठात याच धर्तीचा कोर्स बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स (एन्टायर) या नावाने आहे. कराड, सांगली, कोल्हापूरकडच्या कुणी हा धागा वाचला तर नावाने गोंधळू नये.

खडकीकर

स्नेहाच्या मुद्द्याला जोडून. गणिताला मुलं ओझं समजतात, ‘मला प्रोग्रॅमिंग करायचंय, हे कशाला’ म्हणतात. या कोर्सचं गणित ज्याने निवडलं त्याने विचार करून निवडलेलं आहे. २०१९ च्या पॅटर्नमध्ये पहिल्या वर्षी मॅट्रिक्स, डिस्क्रीट मॅथ्स, लिनिअर अल्जिब्रा आणि ग्राफ थिअरी होतं. दुसऱ्या वर्षी ग्रुप्स आणि कोडिंग थिअरी, न्यूमरिकल टेक्निक्स, कॉम्प्युटेशनल जॉमेट्री, ऑपरेशन्स रिसर्च. यातलं जवळपास प्रत्येक प्रकरण कुठे ना कुठे कामाला येतं.

डिस्क्रीटमध्ये रिकरन्स रिलेशन, म्हणजे आधीच्या पदांवरून पुढचं पद देणारं समीकरण, सोडवायला शिकवतात. सोडवताना रुक्ष वाटतं. पण नोंदी क्रमाने लावायच्या मर्ज सॉर्ट या पद्धतीला किती वेळ लागेल हे त्याच समीकरणातून निघतं. १० लाख नोंदी क्रमाने लावायच्या असतील तर साध्या बबल सॉर्टच्या तुलना पन्नास हजार कोटींच्या घरात जातात, मर्ज सॉर्टच्या दोन कोटींच्या आसपास. एक प्रोग्रॅम चहा घेऊन आलो तरी चालूच असतो, दुसरा एंटर दाबल्याबरोबर संपतो. हे गणित ज्याने एकदा स्वतः सोडवलं त्याला नोकरीत वेगळं सांगावं लागत नाही. कोडिंग थिअरीत हॅमिंग कोड येतो: संदेशात मोजके जादा बिट घातले की एक बिट बिघडला तरी कुठला बिघडला ते कळतं आणि दुरुस्त करता येतं. मेमरीपासून उपग्रहापर्यंत या विचाराची माणसं लागतात. ग्राफ थिअरी तर नेटवर्कच्या पेपरात पुन्हा भेटतेच, राउटर सर्वांत जवळची वाट कशी काढतो तिथे.

पुढे एम.सी.ए.साठी एन.आय.टी.ची निमसेट ही प्रवेश परीक्षा द्यायची तर पदवीला गणित किंवा संख्याशास्त्र असणं उपयोगी पडतं, कारण पात्रतेतच ते मागतात.

हिंजवडी_फेज३

गणिताबद्दल शंभर टक्के सहमत. पण इलेक्ट्रॉनिक्स? दोन वर्षं डायोड आणि ट्रान्झिस्टर करून सॉफ्टवेअरवाल्याला काय मिळतं? तो वेळ पायथॉनला द्या.

सेगफॉल्ट

दादा, मलाही एफ.वाय.ला हेच वाटायचं. पण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये आम्ही ब्रेडबोर्डवर हाफ अ‍ॅडर जोडला. दोन गेट, चार वायरी, दोन एलईडी. दोन्ही इनपुट एक केले की बेरजेचा दिवा विझतो आणि कॅरीचा लागतो. सी मध्ये बिटवाइज ऑपरेटर आले तेव्हा वर्गातल्या ज्यांनी हे हाताने केलं होतं त्यांना लगेच समजलं. दुसऱ्या वर्षी मायक्रोकंट्रोलर आणि एम्बेडेड होतं, तिथे मेमरीचा प्रत्येक बाइट मोजावा लागतो. लॅपटॉपवर जावा शिकताना ही जाणीव येत नाही. आमच्या बॅचमधले काही जण आता ऑटोमोबाइल क्षेत्रातल्या एम्बेडेड कामाकडे जातायत, चाकण-पिंपरी पट्ट्यात ते काम आहे.

आता माझं मोठं उत्तर.

काकू, मला या कोर्समधलं सर्वांत आवडलेलं काम म्हणजे टी.वाय.ची ऑपरेटिंग सिस्टिमची असाइनमेंट. सी मध्ये स्वतःचं छोटं शेल लिहायचं. स्क्रीनवर ‘मायशेल’ आणि डॉलरचं चिन्ह असा प्रॉम्प्ट दाखवायचा, वापरणाऱ्याने टाइप केलेली ओळ घ्यायची, तिचे शब्द सुटे करायचे आणि ती कमांड चालवायची. चालवायची म्हणजे फोर्क करून एक मूल प्रोसेस (चालू प्रोग्रॅमची प्रत) जन्माला घालायची. फोर्क एकदाच बोलावतो पण परत येतो दोनदा: मुलाकडे शून्य घेऊन, आईकडे मुलाचा क्रमांक घेऊन. मूल एक्झेक बोलावतं आणि दुसऱ्याच प्रोग्रॅमचं रूप घेतं. आईने वेट करून थांबायचं.

हे पुस्तकात एका पानात आहे. पण चालवल्यावर काय होतं बघा. वेट लिहिलं नाही तर कमांडचं उत्तर यायच्या आधीच पुढचा प्रॉम्प्ट छापला जातो आणि सगळं एकमेकांत मिसळतं. पार्श्वभूमीला मेलेली मुलं तशीच पडून राहतात, प्रोसेसची यादी काढली की त्यांच्यापुढे ‘डिफंक्ट’ लिहिलेलं दिसतं. आणि गंमत म्हणजे, चुकीची कमांड दिली, एक्झेक फसला आणि मुलाला तिथेच बाहेर काढलं नाही, तर ते मूलही आपलंच शेल बनून पुढे चालतं. मग एक्झिट टाइप केलं तरी प्रॉम्प्ट जात नाही. पुन्हा एक्झिट, पुन्हा प्रॉम्प्ट, जितक्या चुकीच्या कमांड दिल्या तितक्या वेळा. आमच्या लॅबमध्ये यावर अख्खा तास वाद झाला होता. उत्तर सापडलं तेव्हा मॅडमनी प्रत्येकाला आई आणि मुलाचं झाड कागदावर काढायला लावलं. प्रोसेस म्हणजे काय हे त्या कागदावर कळलं. त्याच शेलमध्ये नंतर फाइलमधल्या ओळी मोजणारी, फोल्डर दाखवणारी, शब्द शोधणारी अशा आपल्या स्वतःच्या कमांड घालायच्या असतात.

स्लिपांची उत्तरं आमच्याही ग्रुपवर फिरतात. मॅडमनी सांगितलं होतं, जे लिहाल ते पुसून पुन्हा लिहून दाखवा. त्यामुळे आमच्या वर्गाची सवय वेगळी पडली.

प्रवराकाठ

सेगफॉल्ट, बाळा, किती छान लिहिलंस. मुलीला वाचून दाखवलं, अर्धं मला कळलं नाही पण तिचे डोळे चमकले. आता आणखी दोन शंका. एक, बऱ्याच कॉलेजांत बी.एस्सी. डेटा सायन्स, एआय अशा नावांचे नवे कोर्स दिसतात. ते घ्यावेत का? दुसरी, दीर म्हणतात आता प्रोग्रॅम एआयच लिहितं, मग या शिक्षणाचा उपयोग किती दिवस?

लॅबमास्तर

नावाच्या मागे जाऊ नका, अभ्यासक्रमाची प्रत मागा. त्यात डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, नेटवर्क, डेटाबेस, लिनिअर अल्जिब्रा आणि प्रॉबॅबिलिटी भरपूर तासांची असतील तर नाव काहीही असो, चालेल. ती गाळून वर नुसती टूलची नावं असतील तर नको. टूल दोन-तीन वर्षांत बदलतात. शिकवणारं माणूस कोण, तेही विचारा. पुष्कळ ठिकाणी नवा कोर्स सुरू होतो आणि शिकवायला कंत्राटी तासिकेवरचे तेच शिक्षक धावत असतात. त्यांना मिळणारा पैसा आणि त्यांच्यावरचा भार बघितला की मला वाईट वाटतं. चांगले शिक्षक याच कारणाने कंपनीत जातात आणि मुलांचं नुकसान होतं. यावर कुणी बोलत नाही.

एआयबद्दल. मी वर्गात ते उघडपणे वापरायला देतो, पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी, आधी नाही. ते लिंक्ड लिस्टचा प्रोग्रॅम क्षणात लिहून देतं आणि बहुतेक वेळा बरोबर देतं. कधी मात्र मोकळी केलेली मेमरी पुन्हा वापरणारा कोड येतो. तो चालतो, उत्तरही बरोबर दाखवतो आणि मोठ्या इनपुटवर कधीतरी कोसळतो. ते पकडायला पॉइंटर, म्हणजे मेमरीतले पत्ते, समजलेलं माणूस लागतं. माझी मुलं असा कोड वाचून त्यातली खोट शोधतात, त्यावर मी अंतर्गत गुण देतो. थिअरॉटिकल कॉम्प्युटर सायन्सचा पेपर तर मला आज आणखी महत्त्वाचा वाटतो. एखादा प्रोग्रॅम कधी थांबेल की नाही हे सांगणारा सर्वसाधारण प्रोग्रॅम लिहिताच येत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ साली सिद्ध केलं. यंत्राची मर्यादा कुठे आहे हे विसाव्या वर्षी शिकायला मिळणं ही मोठी गोष्ट आहे. मुलं मात्र फायनाइट ऑटोमाटाची (त्याच पेपरातल्या साध्या कल्पित यंत्रांची) चित्रं पाठ करून मोकळी होतात. याचं मला दर वर्षी दुःख होतं.

राइनकाठी

परदेशातल्या शिक्षणाचा मुद्दा कुणी काढला नाही म्हणून लिहिते. मी जर्मनीत आहे. भारतातली तीन वर्षांची पदवी इथे अनेक विद्यापीठांत मास्टर्सला पुरेशी धरत नाहीत आणि अमेरिकेतही अनेक विद्यापीठं चार वर्षांची पदवी मागतात. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं वर्ष यासाठी फार कामाचं आहे. पुढेमागे बाहेर जायचा विचार असेल तर चौथं ऑनर्सचं वर्ष तिच्या कॉलेजात आहे का हे आत्ताच विचारा, सगळीकडे नसेल. जर्मनीसाठी भारतीय विद्यार्थ्यांना एपीएसचं (कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन केंद्राचं) प्रमाणपत्रही लागतं, त्यासाठी प्रत्येक सत्राच्या गुणपत्रिका जपून ठेवायची सवय पहिल्यापासून लावा.

खडकीकर

बरोबर. त्या नव्या आराखड्याबद्दल थोडं. संलग्न कॉलेजांत तो २०२४-२५ पासून आला. वर्षाला साधारण ४४ क्रेडिट, तीन वर्षांत १३२ आणि चौथं केलं तर १७६. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, पण ती वाट अडचण आली तरच वापरावी. मुख्य विषयाबरोबर मायनर (दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह, भारतीय ज्ञान प्रणाली, फील्ड प्रोजेक्ट आणि चार क्रेडिटची ऑन जॉब ट्रेनिंग असं बरंच काही आलंय. ही ट्रेनिंग खऱ्या कंपनीत मिळाली तर सोनं, एरवी कागद रंगवून होते. चार वर्षं केली तर पुढे एम.एस्सी. एका वर्षाची. मी वर दिलेले पेपर २०१९ च्या पॅटर्नचे आहेत, नव्यात विषयांची जोडणी बदलली आहे. कॉलेज कुठले विषय देतंय ते लेखी घ्या.

बी.सी.ए.चं राहिलं होतं. बी.सी.ए.त प्रोग्रॅमिंगवर भर असतो आणि गणित-इलेक्ट्रॉनिक्सचा भार कमी. २०२४-२५ पासून बी.सी.ए. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत गेलं आणि प्रवेशाला वेगळी सीईटी आली. तिने ती दिली नसेल तर हा प्रश्न यंदापुरता मिटलाच. तुमच्या मुलीला गणित आवडतं, तिने बी.एस्सी.च करावं असं माझं स्पष्ट मत.

हिंजवडी_फेज३

मीही एक जोडतो, म्हणजे एकतर्फी वाटायला नको. बी.एस्सी. झाल्यावर, बारावीला गणित असेल तर, इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. पहिल्या वर्षाचे ग्राफिक्स आणि मेकॅनिक्ससारखे विषय सोबत सोडवावे लागतात. वर्षं जास्त जातात, म्हणून मी हा मार्ग सुचवत नाही, पण आहे. आणि विप्रोसारख्या कंपन्या बी.सी.ए., बी.एस्सी.च्या मुलांना घेऊन नोकरी करता करता एम.टेक.ही करू देतात. टीसीएसची बी.एस्सी.-बी.सी.ए.साठी वेगळी भरती असते. तरीही माझं मूळ म्हणणं कायम आहे: कॅपमधून बऱ्या कॉलेजात इंजिनिअरिंग फीमाफीसह मिळालं तर ते घ्या.

खडकीकर

‘बऱ्या कॉलेजात’ हे शब्द तुम्ही आता घातलेत, म्हणजे आपलं भांडण बरंच मिटलं. :)

प्रवराकाठ

सर्वांचे आभार. लॅबमास्तरांनी सांगितलं तसं आम्ही संगमनेरला आणि पुण्यात प्रात्यक्षिकाच्या वेळेत जाऊन आलो. पुण्यातल्या एका ठिकाणी लॅब चकाचक होती, पण एका मशिनवर तीन-तीन मुली आणि एकीच्याच हातात कीबोर्ड. इथे मशिन जुन्या आहेत, पण लिनक्स आहे आणि प्रत्येकीला स्वतःची जागा. शिकवणाऱ्या मॅडमनी तिला तिथेच बसवून एक छोटा प्रोग्रॅम दिला आणि चुकल्यावर उत्तर न सांगता ‘कागदावर काढ’ म्हणाल्या. चौथ्या वर्षाची मान्यता अजून नाही, पण अर्ज केलाय असं सांगितलं. तिने संगमनेर पक्कं केलंय. कॅपची पहिली फेरी लागेपर्यंत थांबतोय एवढंच. दीर अजून बोलत नाहीयेत, पण काल त्यांनीच तिला विचारलं, हे लिनक्स म्हणजे काय गं.

शेवटची शंका: कॉलेज सुरू व्हायला वेळ आहे. तिने काय करावं? घरात जुना डेस्कटॉप आहे, ४ जीबी रॅमचा. नवा लॅपटॉप लगेच घ्यावा का?

लॅबमास्तर

लॅपटॉप आत्ता नको. पहिल्या वर्षाच्या सी आणि पोस्टग्रेसला तो डेस्कटॉप पुरतो, त्यावर हलकं लिनक्स टाकून घ्या, जीसीसी हा सी चा कंपायलर त्यासोबत फुकट येतो. रंगीबेरंगी एडिटरऐवजी साध्या एडिटरमध्ये लिहून टर्मिनलवर कंपाइल करायची सवय लागू दे, म्हणजे एरर मेसेज वाचावे लागतात. बारावीचं बायफोकल झालंय, तेव्हा लूपपर्यंत तिला येत असणार. अ‍ॅरे आणि फंक्शन नीट करून घ्यावं. पॉइंटरला हात लावायचा तर वही जवळ ठेवून, मेमरीचे चौकोन आणि पत्ते काढत. लॅपटॉपचे पैसे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जावाला लागतील, तेव्हा ८ जीबीच्या खाली घेऊ नका, १६ जमले तर उत्तम.

सेगफॉल्ट

आणि काकू, सेट सी सोडायचा नाही असं तिला आत्ताच सांगून ठेवा. अडली की इथेच विचारू दे. कोड फोटो काढून टाकू नये, टाइप करून टाकावा आणि एरर पूर्ण द्यावी. मी किंवा खडकीकर काका रोज रात्री असतोच.